सरपंचबाईंचा घसा

नाय नाय, साहेब, तिथं नका बसू, तिथं ऊन येतं — इकडं या, ही खुर्ची पाहुण्यांसाठीच ठेवलीय — तर मी काय म्हणत होतो? हां. लोकसहभाग. लोकसहभाग आमच्या गावात इंटरनेटमुळं आला, असं तुम्ही लिहा, अगदी बिनधास्त लिहा. अन् इंटरनेटवर सभा आणली कुणी? आता ते मी स्वतःच्या तोंडानं काय सांगू! सरपंच मॅडम आत आहेत, बचत गटाच्या बायका आल्यात, आटोपलं की तुम्हाला बोलावतील. मला म्हटल्या, स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत, त्यांना चहा द्या, अन् जास्त बोलू नका. जास्त म्हणजे किती, ते काही सांगितलं नाय. साखर बरोबर आहे ना? नाशिकची माणसं कमी घेतात, म्हणून विचारलं.

मी? मी शेखर. सरपंचांचा मिस्टर. गावात सगळे आण्णा म्हणतात. पद? छे हो, मला कसलं पद — सीट महिलांसाठी राखीव पडली, तेव्हा मीच पॅनलला म्हटलं, आमच्या शुभांगीचा अर्ज भरा. तिला विचारलं का? विचारलं की. अर्ज भरून आल्यावर लगेच विचारलं. प्रचाराच्या बॅनरवर तिचा फोटो एवढा, अन् माझा — माझा जरा मोठा होता, कारण माणसं मला ओळखतात, मतदाराची दिशाभूल नको. पारदर्शकता आमच्याकडं तिथूनच सुरू झाली म्हणा ना. निवडून आली. गुलाल मी घेतला, तिला धुळीची ॲलर्जी हाय.

आता इंटरनेटच्या आधी काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला फरक कळेल. ग्रामसभेला माणूस यायचा नाय. झेंडावंदनाला यायचा, जिलेबी घ्यायचा, अन् सभा म्हटली की मागच्या मागं पसार. मग काय करायचं? गणसंख्या नाय म्हणून सभा तहकूब करायची. अन् तहकूब सभेला गणसंख्या लागत नाय — हा कायदाच हाय साहेब, मी नाय केला — मग जरा वेळानं आम्ही चौघं-पाच जण बसून अख्ख्या गावाच्या वतीनं ठराव मंजूर. एकमतानं. पाच माणसांत एकमत व्हायला काय लागतं? भजी लागतात. शुभांगी? ती घरी असायची. सह्यांना कागद घरी जायचे. घरपोच सेवा.

अन् मग तुमची ही स्पर्धा आली. पारदर्शक गाव. ग्रामसभा लाईव्ह दाखवली तर गुण, योजनांची माहिती गावाच्या ग्रुपवर टाकली तर गुण, लोकांच्या प्रश्नांना लाईव्हवर उत्तरं दिली तर जादा गुण. म्हटलं, हे तर आपल्यासाठीच काढलंय. माणसं येत नाहीत ना सभेला? नका येऊ. घरी बसून बघा. पेज काढलं — 'आपलं गाव, आपला आवाज'. नाव मीच दिलं. हॉलमध्ये स्टँडवर मोबाईल, एक मोठा स्पीकर, अन् आमची डेटा ऑपरेटर स्नेहल — गावातलीच सून, कॉम्प्युटर शिकलेली — तिनं सगळं जोडून दिलं. काय सांगू तुम्हाला — नाशकात अंबडच्या कंपनीत कामाला असलेली गावची पोरं जेवणाच्या सुट्टीत बघायला लागली, पुण्यातली बघायला लागली, एकानं तर दुबईहून लिहिलं, नमस्कार आण्णा, गाव बघून बरं वाटलं. मला भरून आलं हो. म्हटलं, ही खरी लोकशाही. माईक घेतला अन् जो बोलायला लागलो, तो थांबलोच नाय. शुभांगी शेजारी बसली होती, हार घालून.

अन् खाली एक कॉमेंट. कुणाची तरी. काय लिहिलं? — सरपंच कोण आहे? मी म्हटलं, या काय शेजारी बसल्यात. तर दुसरा — मग त्यांना बोलू द्या. मी म्हटलं, त्यांचा घसा बसलाय. पटकन सुचलं ते बोललो. पुढच्या सभेला परत तेच — वहिनींना बोलू द्या. मी परत म्हटलं, घसा बसलाय. तर पुण्यातल्या एका कार्ट्यानं लिहिलं, इतके दिवस घसा बसलेला बरा नव्हे, वहिनींना नाशकाला मोठ्या डॉक्टरला दाखवा, आम्ही पुणेकर वर्गणी काढतो. त्याच्याखाली हसण्याचे बाहुले, ही रांग! बरं, हे पुण्यातलं पुण्यात राहिलं असतं तर ठीक. पण गावातल्या बायका घरी यायला लागल्या. कुणी ज्येष्ठमध आणलं, कुणी हळदीचं दूध. अन् शुभांगी दारात उभं राहून काय सांगायची? — घसा चांगला हाय माझा, आत या, बसा. मला म्हणाली, मला एकदा बोलू द्या. मी म्हटलं, लाईव्हवर चूक झाली तर जगभर जाते, ते काय हळदी-कुंकू हाय?

आता लाईव्हवर विरोधक असतात तसे समर्थक नकोत? समतोल पाहिजे की नको? पाहिजे. म्हणून मी एक अकाउंट काढलं. 'जागरूक नागरिक.' फोटो सूर्योदयाचा. जागरूक नागरिक सभेत लिहायचा — आण्णांचं नियोजन उत्कृष्ट. वहिनींना त्रास देऊ नका, आण्णा समर्थ आहेत. एकदा घोटाळा झाला, अकाउंट बदलायचं राहिलं अन् 'आण्णांसारखं नेतृत्व गावाला मिळणं हे भाग्य' हे माझ्याच नावानं गेलं. काढून टाकलं मी, पण तोवर अर्ध्या तालुक्यानं — असो. तुम्ही हे लिहून घेताय का? हे नका लिहू. लोकसहभाग वाढला, एवढंच लिहा.

पाण्याचं? पाण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? …बरं, आता विचारलंच तर सांगतो, नाहीतर लोक तुम्हाला भलतंच सांगतील. ओढ्यापल्याड एक वस्ती हाय आमच्याकडं. सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेली माणसं, आता इथलीच झालीत, मतं इथंच. बायका पार खालच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांच्यासाठी नळाची योजना आली. ठेकेदार कोण? आमचा मावसभाऊच, म्हणजे कामावर लक्ष राहतं. तर पाईप आला. कुठपर्यंत? ओढ्यापर्यंत. ओढ्याच्या अलीकडं काय हाय? माझी बाग. आता ओढा ओलांडायचा म्हणजे खर्च, खांब, पावसाळ्याचं भ्या — म्हटलं तात्पुरतं इथंच थांबू. पाईपमध्ये पाणी नुसतं साचून राहू नये म्हणून तात्पुरती एक तोटी बागेत बसवली. तात्पुरतीच. द्राक्षांच्या दोन छाटण्या निघाल्या तिच्यावर. अन् वरून फोनावर फोन, पोर्टलवर फोटो टाका, काम पूर्ण दाखवा, तालुका मागं पडतोय. मग टाकला फोटो. खोटं काय होतं त्यात? नळ होता, नळाला पाणी होतं, पाणी भरणारी बाई होती. सगळं खरं. फक्त वस्ती नव्हती.

अन् हा फोटो लोकांना दाखवला कुणी? मीच हो! योजनांची माहिती ग्रुपवर टाकली तर गुण आहेत ना, मी स्नेहलला म्हटलं, पोर्टलची लिंक टाक, होऊ दे पारदर्शक. मला काय माहीत कुणी उघडून बघेल म्हणून. सरकारी लिंक कुणी उघडतं का? मी आजवर एक उघडलेली नाय. पण वस्तीवर साळूबाई म्हणून एक म्हातारी हाय — उभी राहिली तर एवढीशी, पण बोलायला लागली की — तिला कुणीतरी फोटो दाखवला. ती म्हणाली, नळ आमच्या वस्तीचा, तर त्याच्या मागं आण्णाची द्राक्षं कशी लागली? आमच्याकडं तं बाभळी हायत.

झालं. पुढच्या सभेला वस्ती येणार म्हणून बातमी. अन् पेजवर सगळ्यांचं एकच, सरपंच बोलल्या पाहिजेत. आता घसा तरी किती दिवस बसवणार? मग मी डोकं लावलं. तंत्रज्ञानाचा वापर, साहेब. शुभांगीच्या कानात ते बारकं वायरलेस बटण, वरून पदर. तिचा फोन चालू, माझा फोन चालू, अन् मी हॉलच्या मागच्या खोलीत, जिथं सतरंज्या ठेवतो तिथं. मी सांगणार, ती बोलणार. तिला म्हटलं, तू फक्त माझ्या मागं मागं म्हण, लग्नात भटजींच्या मागं म्हणत होतो तसं. तिनं बटण कानात घातलं, पदर ओढला. मला वाटलं पटलं.

सुरुवात झकास झाली. सर्वांना नमस्कार म्हण — सर्वांना नमस्कार. गावच्या विकासासाठी आपण कटिबद्ध म्हण — कटिबद्ध. मी सतरंज्यांवर बसून खूश. मग साळूबाई उठली असावी, तिचा आवाज आला, आमच्या नळाचं काय ते सांगा. अन् नेमकं तेव्हा — आता कानातलं बॅटरी संपून बंद पडलं, अन् शुभांगीचा फोन आपोआप हॉलच्या स्पीकरला जोडला गेला, असं स्नेहल म्हणते. आपोआप. तिनं सकाळीच तो फोन स्पीकरला जोडून बघितला होता म्हणे, चाचणीसाठी. मी काही म्हणत नाय. पण मी इकडं सांगतोय, अन् मला माझाच आवाज घुमून ऐकायला येतोय. मला वाटलं खोली रिकामी हाय म्हणून घुमतोय! मी आपला सांगतोय — म्हण, काम प्रगतीपथावर आहे. म्हण, तांत्रिक अडचण आहे. म्हातारीकडं बघू नको, बघितलं की ती चढते. फोटोचं काढलं तर सांग पोर्टलची चूक हाय. बागेचं नाव तोंडातून काढू नको. अन् पदर सारखा कर, भ्यायल्यासारखी दिसतीस. — काय झालं? बोल की! बोलत का नाय?

तर कोण बोललं? साळूबाई बोलली. हॉलमधून. — शेखर, तू सांग बाबा पुढं, आमी ऐकतोय.

साहेब, माणसं हसली असती तर मी सोसलं असतं. आधी कुणी हसलंच नाय. एवढा भरलेला हॉल, अन् पंख्याचा आवाज. मी दाराच्या फटीतून बघितलं. शुभांगीनं कानातलं ते काढलं, टेबलावर ठेवलं, पाण्याच्या पेल्याशेजारी. अन् उभी राहिली. म्हणाली, माझा घसा कधीच बसला नव्हता. मग हसली माणसं. ती थांबली, त्यांना हसू दिलं, अन् म्हणाली — फोटो मी काढला नाय, कुठं काढला ते मला आत्ता तुमच्यासोबत कळतंय, पण त्याच्याखाली सही माझी हाय. वाचल्याशिवाय केली, ती चूक माझी. उद्या सकाळी मी वस्तीवर येते. ज्याला यायचंय त्यानं या. स्नेहल, मोबाईल घेऊन चल. — एवढंच. कागद नाय, काही नाय. अन् त्या खोलीला दार एकच, ते हॉलमध्ये उघडतं. म्हणजे मी सभा संपेपर्यंत सतरंज्यांवर. अन् ती सभा काही संपेना. बायका उठून बोलायला लागल्या. ज्या बायका रेशनच्या रांगेत तोंड उघडत नाहीत, त्या. लाईव्हवर सगळी दुनिया बघत होती, मी सोडून. माझ्या फोनवर तिचा कॉल चालू होता ना.

दुसऱ्या दिवशी गेली ती वस्तीवर. मी नाय गेलो, मी लाईव्हवर बघितलं, बागेत बसून. निम्मं गाव मागं. वस्तीवर मावसभावानं ओट्यावर तोट्या बसवलेल्या होत्या ओळीनं, रंग देऊन, मागं पाईपच नव्हता. तिनं पहिली तोटी उघडली. मुंगळे निघाले. दुसरी उघडली, काहीच नाय. साळूबाई म्हणाली, पहिलीच बरी, निदान काहीतरी येतंय. तो व्हिडिओ दुबईवाल्यानं इतक्या लोकांना पाठवला, की दुपारपर्यंत तालुक्याहून गाडी. ज्या साहेबाला मी वर्षभर फोन करत होतो अन् जो मीटिंगमध्ये असायचा, तो ओढ्यात पँट वर करून उभा! पोर्टलवरचं 'पूर्ण' काढलं, 'अपूर्ण' केलं. आपल्या तालुक्यात पहिल्यांदाच असं झालं म्हणे. म्हणजे बघा, त्यातही गाव पहिलं.

अन् मग ती आली माझ्या बागेत. सगळ्यांना घेऊन. मी बांधावर उभा. म्हणाली, ही तोटी बंद करायचीय. मी म्हटलं, घरी बोलू. ती म्हणाली, घरी आपण कधी बोललोय? — अन् हे मोबाईलसमोर, लाईव्ह! मी म्हटलं, ऐन छाटणीत बाग वाळेल, ही तुझीपण बाग हाय. तिनं बागेवरून नजर फिरवली. मला वाटलं विरघळली. तर म्हणते, माझीपण हाय म्हणूनच बंद करते, दुसऱ्याची असती तर नोटीस पाठवली असती. प्लंबरनं तोटी काढली. मी काय केलं? मी काय करणार. पाना हवा होता त्याला, तो माझ्याच शेडमध्ये होता. दिला काढून. बाग वाचली तशी, टँकरवर. अन् पाईप गेला ओढा ओलांडून. वस्तीवर पाणी येतं आता. रोज नाय, दिवसाआड. पण येतं. तुम्ही जाऊन बघा, मुंगळे नाहीत.

रागावलो का? रागावणार नाय का? घरात अबोला. मी गेलो नाय पुढच्या सभेला, घरूनच बघितली. अन् राहवेना मला. काढलं ते अकाउंट. जागरूक नागरिकानं लिहिलं — जिला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, ती गाव काय सांभाळणार? लिहिलं अन् लगेच धाडलं. तिनं वाचलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. म्हणाली, जागरूक नागरिक विचारतात, घर कोण सांभाळणार. त्यांना सांगते, भाकरी टोपल्यात हाय, मेथीची भाजी झाकून ठेवलीय, त्यांनी गरम करून घ्यावी. पुढचा प्रश्न. — गाव लोळलं हो! म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? पहिल्यापासून, म्हणे. सूर्योदयाचा फोटो आमच्या गच्चीवरून काढलेला, कोपऱ्यात तिचीच साडी वाळत होती. आता पारावरून जातो तर पोरं विचारतात, काय जागरूक नागरिक, भाजी गरम केली का?

केली की. गरम करून खाल्ली. काय करणार.

तुम्हाला म्हणून एक सांगतो, हे मात्र खरंच लिहू नका. मी तिच्या सगळ्या सभा परत बघतो. बागेत एकटा असलो की लावतो. चांगली बोलते हो ती. घाई करत नाय. समोरच्याचं पुरं होऊ देते. एवढी वर्षं एका घरात काढली, मला वाटायचं हिला बोलायलाच येत नाय. एकदा विचारलं मी तिला, तू हे आधी का नाय बोललीस? म्हणाली, तुम्ही श्वास घ्यायला थांबाल म्हणून वाट बघत होते. आता ही काय बोलायची पद्धत झाली? मी काय एवढं बोलतो? मी तुम्हाला बोलू दिलं नाय का? तुम्हीच गप्प बसलात — चहा गार झाला बघा तुमचा.

तर मुद्दा काय, बक्षीस आमच्या गावाला मिळालं पाहिजे. अन् ते घ्यायला स्टेजवर जोडीनं बोलवा, अशी माझी एक सूचना हाय. नाय, आग्रह नाय, सूचना. पेज कुणी काढलं? लिंक कुणी टाकायला लावली? मी ते केलं नसतं, तर ती आजही घरात सह्या करत बसली असती. खरं की नाय? हेतूचं सोडा, साहेब, परिणाम बघा. मी जाकीट शिवायला टाकलंय, सायखेड्याच्या टेलरकडं. तिला अजून सांगितलं नाय.

हां, आला आवाज. झाली त्यांची मीटिंग. चला, मी पण येतो, ओळख करून देतो — काय गं स्नेहल? …फक्त साहेबांना? …बरं. नाय नाय, बरोबर हाय, परीक्षण म्हणजे गुप्त असतं. जा तुम्ही साहेब. दार जरा ओढून घ्या, पंख्याची हवा जाते.

…कोण? या काका, या. सरपंचांना भेटायचंय? हो, बोला ना, मी —

आत आहेत. बसा इथं. वेळ लागेल.